अनुभवी जोडपं

आमच्या गावात कुणाच्या घरात बिनसलं की ती माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसतात. सासू-सुनेचं असो, भावाभावाचं असो, नवरा-बायकोचं असो. मी शाळेत मराठी शिकवते. माझा नवरा फर्डिनंड मुंबईतली नोकरी सोडून घरच्या वाडीत केळी लावतो. यात दुसऱ्यांना सल्ला देण्याची लायकी कुठून आली ते देवालाच ठाऊक. पण चर्चमधल्या विवाहपूर्व शिबिरात आम्ही दोघं कितीतरी वर्षं 'अनुभवी जोडपं' म्हणून बोलतो, तेव्हा लोकांनी आम्हाला तज्ज्ञ ठरवून टाकलंय. मासळीबाजारात मी मांदेलीचा भाव करत असते आणि मागून कुणीतरी कोपर धरून म्हणतं, "टीचर, एक विचारायचं होतं."

दोन हजार तीन सालच्या पावसाळ्यात शेजारच्या ग्रेसीची सून अशीच आली. नवरा कामावरून आला की टीव्हीपुढे बसतो, दोन शब्द बोलत नाही, म्हणून रडली. मी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "अगं, तू सुरुवात कर. कुणीतरी आधी बोलावं लागतं." ती डोळे पुसून, माझे आभार मानून गेली. मी आत आले. फर्डिनंड खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मी कांदा चिरायला घेतला आणि तो आमच्या कुत्र्याला म्हणाला, "टायगर, ऐकलंस का? कुनीतरी आधी बोलावं लागतं म्हने."

मी कांदा चिरत राहिले. आमच्यात तेव्हा ईस्टरआधीच्या उपवासकाळापासूनचा अबोला होता.

अबोल्याचं कारण आमचा मुलगा विकी. तो आदल्या डिसेंबरातच नोकरीसाठी दोहाला जायचं ठरवून मोकळा झाला आणि ते या घरात मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. पासपोर्ट झाला, मेडिकल झाली, व्हिसा आला. बापलेक मुंबईला जायचे आणि मला सांगायचे, पंपाचा पार्ट आणायला गेलो होतो. तीन महिने पंपाचे पार्ट आणले. राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, मिस्सा संपवून मी चर्चच्या पायऱ्या उतरत होते, कपाळावर राख तशीच होती, आणि ग्रेसी म्हणाली, "काय टीचर, विकीची बॅग भरून झाली का? तिकडे म्हणे उन्हाने माणसं करपतात." मी हसले. मास्तरणीला हसायची सवय असते. घरी येऊन फर्डिनंडला विचारलं, का लपवलंत. तो म्हणाला, "तू रडली असतीस." एवढंच. जणू मी रडणं म्हणजे घराला आग लागणं.

विकीला मी विमानतळावर सोडायला गेले, त्याच्या कपाळावर क्रूस काढला, डब्यात सुकट चटणी दिली. परत आल्यावर फर्डिनंडशी बोलले नाही. दरवर्षी उपवासकाळात मी मटण सोडते, त्या वर्षी नवऱ्याशी बोलणं सोडलं. ईस्टरला मटण सुरू झालं.

आता संसार म्हटला की बोलण्यावाचून अडतंच. ते अडू नये म्हणून आमची दिपिका होती. ती वसई स्टेशनजवळ एका लॅबमध्ये नोकरी करते, दिवसभर लोकांचं रक्त तपासून येते आणि घरात पाय टाकला की दुसरी ड्यूटी सुरू. "दिपिका, विचार त्यांना, उद्या केळ्याचा टेम्पो येणार आहे का." "दिपिका, सांग तुझ्या मम्मीला, लाइट बिल भरलंय." आम्ही तिघंही एकाच टेबलाशी बसलेलो असायचो. बिचारी मान इकडून तिकडे वळवायची आणि माझं वाक्य जसंच्या तसं पपांना, पपांचं मला. सुरुवातीला ती चिडायची, हसायची, मध्येच मुद्दाम उलटं सांगायची. गणपतीच्या सुमारापर्यंत तिचं ते सगळं थांबलं होतं. निरोप पोहोचवायची आणि जेवायची.

दिपिका घरी नसली की फर्डिनंड टायगरशी बोलायचा. "टायगर, चष्मा कुठं ठेवलाय लोकांनी?" मग मी टायगरकडे न बघता फ्रिजकडे बोट करायचे. मला त्या कुत्र्याची दया यायची.

समोरासमोर आम्ही बोलायचो ते फक्त शिबिरात. शिबिर केल्याशिवाय फादर लग्न लावत नाहीत, त्यामुळे लग्न ठरलेल्या सगळ्या जोड्यांना दोन रविवार चर्चच्या हॉलमध्ये येऊन बसावंच लागतं. एक डॉक्टर येतात, ते पडद्यावर चित्रं दाखवतात आणि पोरं माना खाली घालतात. एक वकील कायदा सांगतात, एक बँकेतले गृहस्थ बचत सांगतात. शेवटी चहाच्या आधी आम्ही. विषय, 'पती-पत्नीतील संवाद'. फादरांना नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते सांगण्यापेक्षा बोलणं सोपं होतं.

आमचं बोलणं ठरलेलं. मी सांगायचे, लग्नाच्या पहिल्या वर्षी मी बोंबलाचं कालवण केलं आणि मीठ घालायला विसरले. हे निमूट जेवले. मी मागाहून जेवायला बसले तेव्हा कळलं. विचारलं, अहो, सांगितलं का नाहीत? इथे फर्डिनंडने माइक घ्यायचा आणि म्हणायचं, "तिने विचारलं नाही." हॉल हसायचा. मग तो म्हणायचा, "त्या दिवसापासून मिठापासून मरणापर्यंत सगळं हिला सांगतो. काय टीचर, खरं ना?" आणि मी म्हणायचे, "खरं."

आता लपवत नाही, मला त्या वीस मिनिटांची ओढ लागायची. तो माझ्याकडे वळायचा, टीचर म्हणायचा, डोळ्यांत बघायचा. सगळं नाटक होतं हे ठाऊक असून मला बरं वाटायचं. घरी येऊन चपला काढेपर्यंत ते टिकायचं.

त्या वर्षी मला खरा घोर होता तो दिपिकाचा. तिचं सेबॅस्टियनशी ठरून दोन वर्षं होत आली होती. सेबॅस्टियन गोखिवऱ्याला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मुलगा कामाचा, पण बोलायला कंजूष. जानेवारीत लग्न करू, असं त्याच्या घरच्यांचं म्हणणं होतं. दिपिका तारीख ठरवू देत नव्हती. आधी म्हणाली लॅबमध्ये माणसं कमी आहेत, मग म्हणाली त्याच्या फ्लॅटचं रंगकाम व्हायचंय. रंगकाम झालं. मग म्हणाली, जानेवारी राहू दे, नंतर बघू. सव्वीस पूर्ण झालेली मुलगी नंतर बघू म्हणते तेव्हा आई कारणं शोधायला लागते. मला वाटलं, त्या मुलातच काहीतरी खोट असणार. पीत असेल. नाहीतर दुसरी कुणीतरी असेल. न बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काय आहे कुणाला कळतं. त्याच्या आईचा परत परत निरोप येत होता आणि एकदा ती स्पष्टच म्हणाली, नाताळच्या आत काय ते सांगा, नाहीतर आम्हाला दुसरा विचार करावा लागेल.

मी, सगळ्या गावाला सल्ला देणारी, सल्ला मागायला निघाले. आधी शिबिरातल्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी हातातला समोसा बशीत ठेवला आणि हसले. "टीचर, तुम्ही मला विचारताय? तज्ज्ञ तर तुम्ही." मग माझं तोंड बघून गंभीर झाले. "मुलीच्या मनात काहीतरी धास्ती असेल. मिस्टर काय म्हणतात?"

"त्यांनाही काळजी आहे," मी म्हणाले.

त्यांना काळजी आहे की नाही, मला काय माहीत? विचारणार कशी? दिपिकाबद्दलचा निरोप दिपिकाच्या हाती देता येत नव्हता.

मग फादरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "फर्डिनंडचं काय मत?"

"माझं तेच त्यांचं."

"छान," फादर म्हणाले. "आईवडिलांचं एकमत आहे म्हणजे निम्मं काम झालं. तुम्ही दोघांनी एकत्र बसून मुलीशी बोला."

मी 'हो फादर' म्हणून बाहेर आले आणि मारियामातेच्या ग्रोटोपाशी बराच वेळ उभी राहिले. मला इतका थकवा आला होता की रिक्षासुद्धा हाक मारून थांबवावीशी वाटेना.

ऑक्टोबरच्या शिबिरात दिपिका आणि सेबॅस्टियनचं नाव होतं. नाव सेबॅस्टियननेच दिलं होतं. तारखेचं नंतर बघू, शिबिर तर करून टाकू, असं म्हणून त्याने तिला तयार केलं. ग्रेसी शिबिराची व्यवस्था बघते, तिला तर आनंदाचं भरतं आलं. "पोरगी समोर आणि आईबाप स्टेजवर. असं भाग्य कुणाचं, टीचर?"

पहिला रविवार इतरांचा होता. दुसऱ्या रविवारी आम्ही निघालो. फर्डिनंडने त्याचा निळा शर्ट घातला. इस्त्री मीच केली होती, शर्ट दारामागे टांगून ठेवला होता, त्याने मुकाट्याने घेतला. तो पुढे, मी मागे, असे चर्चपर्यंत चालत गेलो. ऊन रणरणत होतं. हॉलच्या दाराशी पोहोचल्यावर तो थांबला, मी बरोबरीला आले आणि आम्ही जोडीने आत शिरलो.

चौथ्या रांगेत दिपिका होती. इतकी वर्षं आम्ही शिबिरात बोलतोय, तिने आम्हाला स्टेजवर कधी पाहिलं नव्हतं. मी माइक हातात घेतला. अनोळखी पोरांपुढे नाटक करणं वेगळं. जिने आदल्या रात्रीच माझ्याकडून 'त्यांना विचार, भात हवाय का' हा निरोप दीड हातावर पोहोचवला होता, तिच्यापुढे संवादाचं महत्त्व सांगायला फारच निर्लज्ज व्हावं लागतं. मी झाले. कालवण केलं, मीठ विसरले. फर्डिनंडने माइक घेतला, म्हणाला, "तिने विचारलं नाही." हॉल हसला. दिपिका ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. सेबॅस्टियन आमच्याकडे एकटक बघत होता.

"मिठापासून मरणापर्यंत," फर्डिनंड म्हणाला. "काय टीचर, खरं ना?"

"खरं," मी म्हणाले, आणि त्या दिवशी मला काही बरं वाटलं नाही.

ग्रेसीने नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही शंका?" सहसा कुणी विचारत नाही. चहाचा वास आलेला असतो. त्या दिवशी चौथ्या रांगेत सेबॅस्टियन उभा राहिला. दिपिकाने त्याचा शर्ट मागून ओढला. तो बसला नाही.

"माझ्या ओळखीतलं एक जोडपं आहे," तो म्हणाला. त्याला एवढं मोठं वाक्य बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. "मुलगी लग्नाची तारीख देत नाही. मुलाने खूप विचारलं तेव्हा तिने सांगितलं, की तिच्या घरातली दोन मोठी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. सगळं तिच्यामार्फत चालतं. ती गेली तर त्या घरात कुणीच कुणाशी बोलणार नाही, असं तिला वाटतं. म्हणून ती जात नाही. आता त्या मुलाने काय करायचं? किती दिवस थांबायचं? तुम्ही अनुभवी आहात, म्हणून विचारतो."

मुलं त्याच्याकडे वळून बघत होती. बहुतेकांना काही कळलं नसावं. ग्रेसीला कळलं, कारण ती आयुष्यात पहिल्यांदा गप्प होती. मी दिपिकाकडे बघितलं. तिने दोन्ही हातांत तोंड लपवलं होतं. आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घणासारखी पडत होती. खोट त्या मुलात नव्हती. खोट माझ्या स्वयंपाकघरात होती.

मी फर्डिनंडकडे बघितलं. त्याला धक्का बसायला हवा होता. तो मात्र गृहपाठ न केलेल्या पोरासारखा पायांकडे बघत होता. वर्गात मी अशी तोंडं रोज बघते. हे तोंड म्हणतं, मला आधीपासून माहीत होतं, बाई.

त्याने माइक तोंडाशी नेला. "अशा घरातल्या मोठ्या मान्सांनी समजून घ्यायला पाहिजे," तो म्हणाला. घसा खाकरला. "बाकी टीचर सांगतील." आणि माइक माझ्या हातात दिला.

"कुणीतरी आधी," मी सुरुवात केली. सवयीने तोंडातून तेच निघालं, ग्रेसीच्या सुनेला दिलेलं, सगळ्या गावाला वाटलेलं. सेबॅस्टियन उभाच होता. खरंच उत्तर मिळेल या आशेने उभा होता. "बाळा, मला माहीत नाही," मी म्हणाले. "आम्हाला माहीत नाही." आणि माइक टेबलावर ठेवून खाली उतरले. ग्रेसीने घाईघाईने चहा जाहीर केला.

चहा न घेताच आम्ही निघालो. आता तो मागे होता आणि मी पुढे. रस्त्यात तमाशा करायचा नाही, असं मी मनाला बजावत होते. सायकलवाल्या ओळखीच्या माणसाला 'गुड इव्हिनिंग' म्हणाले. वाड्यांच्या मधली पायवाट लागली, आजूबाजूला केळींशिवाय कुणी उरलं नाही, तेव्हा मी थांबले आणि वळले.

"तुम्हाला माहीत होतं."

त्याने सवयीने खाली इकडेतिकडे बघितलं. टायगर घरी होता.

"हो," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पाऊस पडायच्या आधी. तिनेच सांगितलं. म्हनाली, पपा, मी तुमाला असं सोडून कशी जाऊ?"

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"कसं सांगनार? तू बोलत होतीस?"

"मी नसेन बोलत. तुम्हाला तोंड आहे ना? कुत्र्याला सगळं सांगता."

"मी बोललो असतो तर तू जबाब दिला असतास?"

नसता दिला. त्याचं बरोबर होतं, म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. तिथून पुढे मी जी सुरू झाले ती घराच्या अंगणात येईपर्यंत थांबले नाही. विकीचं झालं, पंपाचे पार्ट झाले, राखेचा बुधवार झाला. मी कपाळाला राख लावून ग्रेसीच्या तोंडून माझ्या मुलाची बातमी ऐकली, ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. "या घरात मी आई आहे की सगळ्यात शेवटी कळवायची पाहुणी? मुलगा परदेशी गेला, मला माहीत नाही. मुलगी माझ्यामुळे कुजत बसली, मला माहीत नाही. मी तिकडे डॉक्टरांना विचारतेय, फादरांना विचारतेय, त्या बिचाऱ्या मुलाला दारुड्या ठरवतेय, आणि उत्तर माझ्याच घरात खुर्चीत बसून कुत्र्याशी गप्पा मारतंय."

"मंग काय करू?" फर्डिनंडही पेटला. तो पेटला की त्याची मुंबईची मराठी गळून पडते. "पोरगं हितं काय करनार होतं? हिरीत पानी उरलंय? टँकरवाल्यांनी उपसून उपसून खारं केलं. केळीला पानी नाय, पोराला नोकरी नाय. त्याला बांधून ठेवू?"

"बांधा म्हटलं होतं का मी? मला विचारलं तरी होतंत?"

"तू रडली असतीस."

"रडले असते. आईने रडायचं नाही तर काय नाचायचं?"

"तू रडली असतीस तर मी त्याला जाऊ दिला नसता," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "मनातून मलाच त्याला धाडवत नव्हतं. रोज वाटायचं तुला सांगावं, तू रडशील, आनि मी त्याला म्हनंन, बघ, मम्मी रडते, नको जाऊ. मंग तो राहिला असता. हितं आमच्यासारका कुजला असता. म्हनून नाय सांगितलं."

इतके महिने मी धरून चालले होते की माझं मत याच्या लेखी शून्य आहे, म्हणून याने मला विचारलं नाही. हे असं काही असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. उपवासकाळातच हे बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं का, मला सांगता येत नाही. त्याचा चेहरा बघून मला भरून आलं, पण इतका राग इतक्या चटकन खाली ठेवता येत नाही.

"मग दोघांनी मिळून रडायचं होतं," मी ओरडले. "आणि दोघांनी मिळून त्याला पाठवायचं होतं. एकट्याने मोठेपणा घ्यायला कुणी सांगितलं होतं?"

"मोठेपना?" तो ओरडला. "तीन महिने मला झोप नाय, आनि ही म्हनते मोठेपना."

तेवढ्यात त्याचं लक्ष गेटकडे गेलं आणि तो गप्प झाला. मी वळून बघितलं. गेटबाहेर दिपिका उभी होती. तिच्या मागे सेबॅस्टियन, हेल्मेट हातात धरून, पाप केल्यासारखा. पलीकडे ग्रेसी तिच्या अंगणात वाळलेले कपडे काढत होती. तिच्या दोरीवर एकच टॉवेल होता आणि तो काही केल्या निघत नव्हता.

"थांबलात कशाला?" दिपिका म्हणाली.

ती आत आली आणि ओट्याच्या पायरीवर बसली. मला वाटलं आता बोलेल, झापेल, हॉलमध्ये तिची शोभा झाली म्हणून रडेल. ती रडली नाही. चप्पल काढून तिने पाय लांब केले.

"मी थकलेय, मम्मी," ती म्हणाली. "रोज कामावरून आले की मी त्या गेटपाशी थांबते. आत कुणाचा आवाज येतो का ते ऐकते. टीव्हीचा येतो. नाहीतर पपा टायगरशी बोलत असतात. मग मी आत येते. आज तुम्ही दोघं पार विहिरीपासून ऐकू आलात."

मला लाज वाटली. शिक्षिका झाल्यापासून इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तिने चपला परत घातल्या. "सेबी, चल. फादर अजून हॉलमध्येच असतील. तारीख घेऊन येऊ."

"आत्ता?" मी म्हणाले. "अगं, आम्ही भांडतोय इथे."

"हो ना," ती म्हणाली. "भांडा सावकाश. आणि मी आल्यावर कोण कोणाला काय म्हणालं ते मला सांगू नका. मला विचारूही नका."

सेबॅस्टियन माझ्याकडे बघून काहीतरी म्हणणार होता. 'सॉरी' असावं. मी त्याला हातानेच जा म्हटलं. बाइक सुरू झाली, वळणावर गेली. ग्रेसीचा टॉवेल शेवटी निघाला.

अंगणात आम्ही दोघं उरलो. भांडण पुन्हा सुरू करावं तर त्यात जीव राहिला नव्हता, आणि थांबवावं तर पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं. मी त्याच पायरीवर बसले. थोड्या वेळाने तोही बसला, दुसऱ्या टोकाला. जानेवारीनंतर या घरात आम्ही दोघंच असणार, या विचाराने मला सुटल्यासारखंही वाटलं आणि भीतीही वाटली. रोज बोलायचं म्हणजे काय काय बोलायचं असतं, हे मी विसरून गेले होते. पोरांना शिकवताना सोपं वाटायचं.

"जानेवारीत धरलं तर विकीला रजा मिळंल?" फर्डिनंडने विचारलं. कुत्रा त्याच्या पायाशीच होता, पण विचारलं मला.

"मला काय माहीत? फोन करून बघा."

"परदेशचा फोन महाग."

"पोरीचं लग्न आहे."

तो उठला, आत गेला. मी मागोमाग गेले. एरवी विकीच फोन करायचा. मी बोलून रिसीव्हर टेबलावर ठेवायचे आणि मग फर्डिनंड उचलायचा, पण तिकडे विकीला यातलं काही कळायचं नाही. आज फर्डिनंडने नंबर फिरवला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला आणि विकीचा 'हॅलो' मला बाजूला उभं राहून ऐकू आला. "हॅलो, कोण? पपा? काय झालं पपा?"

फर्डिनंडने तोंड उघडलं आणि त्याला बोलवेना. त्याचे खांदे हलायला लागले. त्याने रिसीव्हर माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही. त्याच्या हातावर हात ठेवून परत त्याच्या कानाशी नेला आणि तशीच उभी राहिले.

"काय नाय झालं रे," शेवटी तो म्हणाला. "मम्मी हितंच हाय. आमी दोघं हाय."